"बरं आहे" म्हणणारं गाव

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा ज्याला जग बघायचं, त्याला ते पायी चालूनच बघावं लागे. दोन डोंगरांच्या मध्ये एक गाव होतं. माणसं कष्टाळू, पाहुण्याला जेवल्याशिवाय न सोडणारी. खोड एकच. त्या गावात कुणी कशालाही छान म्हणत नसे.

चांगल्याला चांगलं म्हटलं की त्याला दृष्ट लागते, अशी त्यांची पक्की समजूत. गुटगुटीत बाळ दिसलं की बायका म्हणत, कसलं हे रोडकं. पोटभर जेवून, बोटं चाटून पाहुणा उठे आणि म्हणे, "बरं आहे." पीक आलं, बरं आहे. सून आली, बरी आहे. हसू नका, असे थोडेफार आपल्यातही असतातच. चुकून कुणाच्या तोंडून "वा" निघालाच, तर म्हातारे पाटील जातीनं उभे राहून मीठ-मोहरी ओवाळून घेत.

या गावात हैबती आणि त्याची थोरली बहीण गजरा राहत. आईबाप लवकर गेले. गजरानं भावाला वाढवलं आणि बापाच्या मागावर बसून घोंगड्या विणल्या. काळी लोकर ती स्वतः निवडायची, धाग्याला लावायची चिंचोक्याची खळ स्वतः शिजवायची. तिच्या घोंगडीचा काठ दोरीनं आखल्यासारखा सरळ. पण गाव घोंगडी घेई, पांघरी आणि म्हणे, बरी आहे.

हैबतीला लहानपणापासून जग बघायची भारी हौस. मोठा झाला तशी त्यानं जायची तयारी केली. गजरानं चार महिने खपून त्याच्यासाठी एक घोंगडी विणली. ती खांद्यावर घेतली आणि हैबतीचा ऊर भरून आला. पण तोही त्याच गावचा. तो म्हणाला, "बरी आहे, अक्का."

गजरानं मान हलवली. मग ती हळूच म्हणाली, "तू परत आलास की माग मोडायचा म्हणते. सुतार त्याची गव्हाण करून देईल."

हैबतीनं विचारलं, का गं?

"वीस वर्षं विणतेय रे. मला येतं की नाही, तेच मला अजून कळलेलं नाही."

तो पाया पडला आणि निघाला. मैलभर गेल्यावरही ते वाक्य त्याच्या कानातून जाईना.

आधी लागलं समुद्रकाठचं एक बंदर. तिथं टेकडीवर एक उंच दीपस्तंभ होता. राखणदारानं हैबतीला पहाटे तीनशे पायऱ्या चढवून वर नेलं. उजाडत गेलं तसं पाणी आधी राखेच्या रंगाचं झालं, मग घासलेल्या घंगाळासारखं लखलखलं, आणि शे-सव्वाशे गलबतांनी एकदम शिडं उघडली. हैबतीच्या डोळ्यांत पाणी आलं. राखणदारानं मोठ्या हौसेनं विचारलं, कसं वाटलं? हैबतीला वाटलं, बोलून गेलो आणि हा स्तंभ कोसळला तर? तो म्हणाला, "बरं आहे." बिचाऱ्या राखणदाराचा चेहरा उतरला.

पुढे एक अजब शहर लागलं. तिथं गल्ल्याच नव्हत्या, गल्लीच्या जागी पाणी. भाजीवाली होडीतून यायची, नवरदेव होडीतून यायचा, आणि मांजरं या खिडकीतून त्या खिडकीत उड्या मारत गावभर हिंडायची. पूल इतके, की मोजता मोजता हैबतीनं नाद सोडला. एका पुलाची कमान अशी नाजूक, की दगडाची आहे यावर विश्वास बसेना. ती बांधणारा गवंडी शेजारीच बसला होता. त्यालाही हैबतीनं "बरी आहे" एवढंच दिलं. अरे, काय हा करंटेपणा!

मग वाळवंट. दिवसचे दिवस लाल वाळू, आणि अचानक मातीच्या भिंतीआड डाळिंबाची हिरवीगार बाग. दूरच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या पाटानं तिथवर आणलेलं होतं. म्हाताऱ्या माळिणीनं हैबतीला डाळिंब फोडून दिलं. पण त्याच्या मताची वाट न बघता ती त्याच्या घोंगडीकडेच बघत बसली. तिनं काठावरून बोट फिरवलं, उलटी करून बघितली आणि म्हणाली, असा हात तिनं आयुष्यात पाहिला नव्हता.

हैबती घाबरला. त्यानं घाईघाईनं घोंगडीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि तीनदा थुंकला. माळिणीनं विचारलं, हे काय चाललंय? त्यानं गावची रीत सांगितली. अक्काच्या हातांना काही झालं तर, म्हणाला.

म्हातारी खूप हसली. तिच्या झाडाच्या डाळिंबांना रोज येणारे-जाणारे गोड म्हणत, आणि झाड होतं साठ वर्षांचं. मग तिनं हसू आवरलं.

"घोंगडीचं मी तुला सांगून काय उपयोग, बाबा? विणणारीला कुणी सांगितलंय का?"

हैबतीनं हातातलं डाळिंब खाली ठेवलं. त्याला निघतानाचं अक्काचं बोलणं आठवलं.

शेवटी तो बर्फाच्या डोंगरात पोचला. घाटात हिमवादळानं गाठलं, तेव्हा एका कपारीत घोंगडी गुंडाळून तो दिवसभर बसून राहिला. बाहेर थंडीनं दगड फुटत होते, आत त्याला ऊब होती. वादळ सरलं. ढग बाजूला झाले आणि समोरचं शिखर उन्हात असं उजळलं, की हैबतीला राहवेचना. तो मोठ्यानं म्हणाला, "किती सुंदर आहेस रे तू!"

बोलला आणि डोळे मिटून घेतले. आता दरड कोसळणार. काही कोसळलं नाही. त्यानं एक डोळा उघडून पाहिलं. शिखर होतं तिथंच होतं.

हैबतीनं तिथूनच पाठ फिरवली. येताना त्यानं वाट वाकडी केली, गवंड्याला भेटला, राखणदाराला भेटला, आणि ज्याचं त्याचं देणं देऊन आला. गवंडी त्याला पार वेशीपर्यंत सोडायला आला होता.

तीन वर्षांनी तो गावात शिरला, तेव्हा सुतार घराच्या अंगणात, बाहेर काढलेल्या मागापाशी करवत घेऊन उभाच होता. भाऊ डोंगर उतरताना दिसला आणि गजरानं बोललेलं खरं करायला घेतलं होतं. गाव जमलं होतं. पाटीलही आले होते. भर गावात, त्या सगळ्यांच्या देखत बोलायचं म्हणजे हैबतीलाही धाक होताच. पण तो मागाच्या आडवा उभा राहिला.

"अक्का, मी समुद्र बघितला, पाण्यातलं शहर बघितलं, बर्फाचे डोंगर बघितले. सगळं सुंदर आहे. तुझी घोंगडी त्यातच बसते. हिनं मला जिवंत ठेवलंय. तुला येतं अक्का, फार सुरेख येतं. मी जातानाच सांगायला हवं होतं."

पाटलांनी ओरडून मीठ-मोहरी मागवली. गजरा मात्र भावाकडे बघत राहिली, आणि मग पदरात तोंड लपवून रडली. थोड्या वेळानं तिनं सुताराला घरी जायला सांगितलं.

गावानं तीन दिवस जीव मुठीत धरून वाट पाहिली. आता गजराची बोटं झडणार, आता छप्पर पडणार. चौथ्या दिवशी सकाळी गजराच्या घरातून मागाचा खटखट आवाज यायला लागला.

त्या दुपारी पाटील हैबतीकडे आले. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको वारली होती. ते काठीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "तू एवढं जग हिंडलास. गेलेल्या माणसाला काही सांगता येईल, असं एखादं गाव दिसलं का रे तुला?"

हैबतीनं मान खाली घातली. "नाही, पाटीलबाबा. असं गाव कुठंच नाही."

"चाळीस वर्षं तिच्या हातचं जेवलो," पाटील म्हणाले. "रोज बरं आहे म्हणून उठलो."

ते काठी टेकत घरी गेले. त्या दिवशी जेवताना ते सुनेला म्हणाले, "पोरी, आमटी फार छान झालीय." सुनेच्या हातातली पळी खाली पडली. आमटी सांडली. पण त्या गावात त्या दिवशी कुणी मीठ-मोहरी ओवाळली नाही.

म्हणून सांगतो, मनापासून जे आवडलं, ते करणाऱ्याला तो समोर असतानाच सांगून टाकावं.