शेंडीनं घासलेला तवा

भांडी तोंडानं बोलायची, त्या काळची गोष्ट. वत्सलाबाईंनी न चिकटणारा काळा तवा आणला. पहिलंच घावन त्याच्यावरून अलगद सुटलं, तसा तवा हरखला.

पण बाईंचा जन्म बिडाचा तवा घासण्यात गेलेला. त्यांनी यालाही राख आणि नारळाची शेंडी लावली. वर लोखंडी उलथणं.

"बाई, लाकडी घ्या. हळू धुवा," तवा कळवळला.

"कालचा तू, मला शिकवतोस?"

महिन्याभरात तव्याची सालं निघाली, घावन चिकटलं. बाईंनी त्याला परसात पाखरांच्या पाण्याला ठेवला.

रोज सकाळी आत बिडाच्या तव्यावर पीठ चर्रकन वाजायचं, अन् हा कान लावून बसायचा.

एकदा पाणी बदलताना बाईंनी त्याला मऊ फडक्यानं हलकेच पुसला.

तवा म्हणाला, "बाई, हाच हात तेव्हा लावायला हवा होता."