गिळलेले उत्तर

पूर्वी शंखपूर नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. ते परदेशी शिकून आले होते, एवढाच त्यांच्यावर दरबाराचा आक्षेप होता. बाकी राजापासून वैद्यापर्यंत सगळे आचार्य मंद्रघोष यांच्या पाठशाळेत शिकलेले.

त्या पाठशाळेच्या भिंतीबाहेर बुरुडांची गरीब मुले उन्हात बसून आतले पाढे ऐकत. हे कळल्यावर आचार्यांनी एक युक्ती केली. पाढा मोठ्याने म्हणायचा आणि उत्तर पुटपुटायचे. 'बे त्रिक' गावभर ऐकू जाई. 'सहा' पहिल्या रांगेपलीकडे जात नसे.

"पाढा ऐकू दे की त्यांना," आचार्य म्हणत. "मी काही निर्दय नाही. उत्तर तेवढे आमचे."

एका उन्हाळ्यात तापाची साथ आली आणि भिंतीबाहेरची बरीच मुले गेली. पाठशाळेला सुटी मिळाली नाही. ती मुले पटावर नव्हती.

त्यानंतर भर दुपारी भिंतीबाहेरून पाढे ऐकू येऊ लागले. "बे एके… बे दुणे… बे त्रिक…" प्रत्येक ओळीनंतर आवाज थांबत, कोणीतरी पुढचे सांगेल म्हणून थांबावे तसे. तिथे वेणू नावाची एकच मुलगी बसलेली असे, आणि तिचे ओठ मिटलेले असत.

मग पाठशाळेत शिकलेल्यांचे शेवटचे शब्द नाहीसे होऊ लागले, खुद्द आचार्यांचेही. वैद्य म्हणे, "हे औषध घ्यायचे…" आणि रोगी वाट पाहत राही. नवरा मुलगा म्हणे, "मुलगी मला पसंत…" आणि मांडव अडून राही.

दोष बुरुडांचा, असे पुरोहिताने खुणांनी पटवले. राजा दरबारात उठून म्हणाला, "बुरुडांची वस्ती उद्या…" त्याचे तोंड उघडेच राहिले. पण सेनापती समजला आणि त्याने तलवारीला हात घातला.

पुरोहित अमात्यांच्या कानाशी लागला. "मोकळी झालेली जागा तुमच्याच बागेला…"

बोधिसत्त्व हात जोडून म्हणाले, "महाराज, आज्ञेत क्रियापद नाही. अपुरी आज्ञा अमलात आणायची पद्धत नाही. मला उद्याची दुपार द्या. आणि बाग आहे तेवढी पुरे."

दुसऱ्या दिवशी ते वेणूशेजारी उन्हात बसले.

"बे एके…"

"बे," बोधिसत्त्व म्हणाले. एक आवाज कमी झाला.

"बे दुणे…"

"चार."

कोणीतरी जवळ सरकले. भर उन्हात त्यांचा डावा खांदा गार पडला. उत्तर मिळाले की एकेक आवाज निघून जाई. 'वीस' म्हटल्यावर सगळे शांत झाले. बोधिसत्त्व उठले, तोच कोणीतरी त्यांचे उपरणे मागून ओढले.

"माझा धाकटा भाऊ आहे," वेणू म्हणाली. "हट्टी आहे. मला आत बसवल्याशिवाय सोडायचा नाही तुम्हाला."

बोधिसत्त्वांनी तिचा हात धरला आणि ते पाठशाळेच्या दारात गेले. आचार्य आडवे आले.

"अमात्य, आत जागा…"

"आहे," बोधिसत्त्व म्हणाले आणि त्यांनी वेणूला पहिल्या रांगेत बसवले.

पुढे भिंत पाडली गेली. बुरुडांची सगळी मुले आत आली आणि पाढे उत्तरासकट होऊ लागले. नगराला आपले शब्द परत मिळाले. त्यामुळे काही लग्ने जमली, काही मोडली. पाठशाळेत मात्र मुलांपेक्षा एक आवाज नेहमी जास्त येई. भाऊ गेला नव्हता. त्याला तिथे आवडू लागले होते. तो आवाज कोणी मोजू नये अशी राजाने आज्ञा केली, क्रियापदासकट.

आपल्या पूर्वजन्माची ही कथा सांगून भगवान शास्ते भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आजचा उपासक नंदिल. वेणू म्हणजे वस्तीत मुलांना शिकवणारी भिक्षुणी सुजवा. अमात्य मी होतो. आणि आचार्य म्हणजे आपला घोषक. तो पहाटे मोठ्याने गाथा म्हणून विहार दणाणून सोडतो, अशी तुमची तक्रार आहे ना? म्हणू द्या त्याला."

"आणि धाकटा भाऊ, भंते?" एका भिक्षूने विचारले.

शास्त्यांनी दारापाशी अंथरलेल्या रिकाम्या चटईकडे पाहिले.

"तो अजून शिकतो आहे," ते म्हणाले. "विद्या देताना हातचे न राखणे, हीच दानपारमिता."

शेवटचा शब्द त्यांनी दाराबाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने उच्चारला.