पाठुंगळीची चकती

साबणांना बोलता यायचं त्या काळी, कुसुमकाकूंच्या मोरीत साबणाची एक गुलाबी चकती राहायची. झिजून झिजून ती इतकी पातळ झाली होती, की तिच्यातून ऊन आरपार जायचं आणि तिला दिवसासुद्धा स्वप्नं पडायची. फक्त मोरीच्या जाळीकडे बघून तिला धडकी भरायची.

एके दिवशी शेजारी हिरवीगार नवी वडी आली. तिच्या छातीवर नाव कोरलेलं.

“आजी, आता तुम्ही जाळीतून खाली जाणार,” वडी म्हणाली. “फेस तरी येतो का तुम्हाला?”

“तुझ्याआधी येतो,” चकती म्हणाली.

तेवढ्यात काकू आल्या. त्यांनी चकती ओली केली आणि वडीच्या नावावरच दाबून चिकटवली.

“अहो, उतरा! माझं नाव झाकलंत!”

“ओरडू नकोस गं. मीही अशीच ओरडले होते, चंदनाच्या आजीवर.”

“कुठे गेल्या त्या?”

“इथेच असतील. आतल्या बाजूला बघ.”

महिन्याभराने पिवळी वडी आली. शेजारच्या पोपटी-गुलाबी चकतीला तिने विचारलं, “आजी, नाव काय तुमचं?”



“थांब हं,” चकती म्हणाली, “आम्ही एकमेकींना विचारून सांगते.”