खारीच्या ढोलीतला चोर

फार पूर्वी एका गावाच्या कडेच्या चिंचेच्या ढोलीत एक खार राहायची. लोकांनी टाकलेल्या सदऱ्यांची बटणं, मोडक्या छत्र्यांच्या काड्या ती गोळा करी. “लागेल कधीतरी,” म्हणे. ढोली इतकी भरली की तिलाच फांदीवर निजावं लागे. त्यात आता पिल्लं व्हायची होती.

शेजारची साळुंकी तिच्या कानाशी लागली. “चोर फिरतोय. सगळं एका जागी ठेवू नकोस. शेजाऱ्यांकडे ठेवायला दे.”

घाबरून खारीने सगळं वाटून टाकलं. काड्यांनी कावळ्याचं घरटं सावरलं, बटणं बुलबुलाच्या पिल्लांना खेळायला झाली.

पुढे खार ढोलीत पिल्लांना कुशीत घेऊन पडली असताना साळुंकी डोकावली.

“चोर अजून सापडला नाही गं,” ती गंभीरपणे म्हणाली.

“राहू दे,” खार म्हणाली, “त्याला फार शोधू नका.”