शेवटची मुलगी

त्या छोट्या निवासी अध्यापिका विद्यालयात रेक्टर निमकरबाईंपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. जेवणाबाबत त्यांचे दोन नियम होते. ताट खोलीत न्यायचं नाही, आणि शेवटची मुलगी पंगतीला बसेपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही, अगदी बाईंनीसुद्धा.

एकदा सुंद्री गावितचा पाय मुरगळून टम्म सुजला. तिला जिना उतरवेना. तिची मैत्रीण शेवंता तिच्यासाठी ताट घेऊन निघाली, तर बाईंनी दारातच अडवलं.

"नियम म्हणजे नियम. भूक लागली की येईल खाली."

शेवंता पंगतीत जाऊन बसली. वरणभात वाढून झाला, श्लोक झाला. बाईंनी भात कालवून मान वर केली, तर सगळ्या मुली हात मांडीवर ठेवून बसलेल्या.

"जेवत का नाही गं?"

"बाई, शेवटची मुलगी कुठे बसलीय अजून?" शेवंता म्हणाली. "तिला भूक लागून ती खाली येईपर्यंत थांबू की आपण सगळ्या."

बाईंचा घास हातातच राहिला. त्या उठल्या, हात धुतले, एक ताट वाढून घेतलं आणि जिना चढून गेल्या.

थोड्या वेळाने वरून आवाज आला, "बसली गं ती. जेवा आता. आणि माझंही ताट वरच पाठवा."