वर्षश्राद्धाची रॅली

"…आणि त्या ट्रकवाल्याला साधं खरचटलंसुद्धा नाही! हा कुठला न्याय, बाबा? सांगा की!"

दस्तगीरबाबांनी मान वर करून बघितलं. पिराच्या टेकडीवर राहणारे ते म्हातारे फकीर. समोर संग्राम उभा होता, हातात नारळ घेऊन.

वर्षापूर्वी घाटाच्या वळणावर त्याचा जिवलग दोस्त अवधूत ट्रकच्या धडकेनं मोटरसायकलवरून पडला, तो जागीच गेला. तेव्हापासून संग्राम देवावर चिडलेला. देव काही सापडेना, म्हणून रोज बाबांवर.

"न्यायाचं मला काय ठाऊक, लेका," बाबा म्हणाले. "नारळ कशाला आणलास?"

"उद्या त्याचं वर्षश्राद्ध. गाड्यांची रॅली काढतोय. शंभरेक गाड्या, पुढं त्याचा फोटो. सायलेन्सर काढून टाकलेत सगळ्यांनी. अख्ख्या तालुक्याला कळलं पाहिजे कोण गेलाय ते! नारळ तुमच्या हातनं फुटू दे."

मोटरसायकलनं मेलेल्याला मोटरसायकलींची मानवंदना. असलं आमच्याच पोरांना सुचतं!

"रॅली जाणार कुठं?"

"अवधूतच्या दारात. तिथं सगळ्या गाड्या एकदम रेस करायच्या. काकूंना कळू दे, त्यांच्या पोराला कोण विसरलंय आणि कोण नाही."

"काकू म्हणजे त्याची आई?"

"हो." संग्रामचा आवाज चढला. "लहानपणापासनं त्यांच्या हातचं खाल्लंय मी. आणि दहाव्यानंतर भेटायला गेलो, तर तोंडावर दार लावलं माझ्या! त्यांचा पोरगा गेला, मान्य. माझा कोणीच नव्हता का तो?"

त्याचे डोळे भरून आले. त्याचाही त्याला राग आला. बाहीनं खसाखसा पुसले.

"दार आधीपासनं बंद होतं?"

"नाही… पळत बाहेर आल्या की. हाताला पीठ तसंच, पायात चप्पल नाही. मला बघितलं… आणि लावलं दार."

"कुठल्या वेळेला गेला होतास?"

"दिवेलागणीला. अवधूत कामावरनं यायचा ना, त्याच सुमाराला."

"कशावर?"

"गाडीवर. आणखी कशावर जाणार?"

"त्याची गाडी कुठली होती रे?"

"माझ्यासारखीच. दोघांनी एकाच दिवशी घेतलेल्या. आवाजसुद्धा अगदी…"

संग्राम बोलायचा थांबला.

…

टेकडीखाली त्याची पोरं ताटकळत उभी होती. कुणीतरी हॉर्न वाजवला. "संग्रामभाऊ, आटपा की!" म्हणून एकानं गाडी रेस केली. टेकडीभर आवाज घुमला. संग्रामनं खाली बघितलंसुद्धा नाही.

"मग… काढू नको म्हणता रॅली?" त्यानं विचारलं. आवाजात अजून घुस्साच होता, पण जोर नव्हता.

बाबांनी त्याच्या हातातला नारळ घेतला. कानाशी धरून हलवून बघितला. मग पुन्हा त्याच्याच हातात दिला.

"काढ की. तुझा दोस्त, तुझी रॅली. मी कोण नको म्हणणार? एवढंच सांग… शंभर गाड्या दारात थांबतील, त्यातल्या कुठल्या गाडीवरनं त्या माउलीनं आपला पोरगा उतरवून घ्यायचा?"