ठकूआत्याच्या ओव्या

बोरखडी गावात दिगंबर नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं काम तो अगदी सांगितलं तसंच करायचा. पंचाईत तीच होती.

त्याची ठकूआत्या कायमची लेकाकडे नांदेडला निघाली होती. तिच्यासारख्या ओव्या गावात कुणालाच येत नव्हत्या. दिगंबरची बायको सुलोचना म्हणाली, ओव्या फोनवर तरी भरून ठेवू. दिगंबरला ते पटेना. आवाज जुना, तर यंत्रही जुनंच हवं. तो रिळांचा टेपरेकॉर्डर आणायला तालुक्याला निघाला.

सुलोचनानं बजावलं, जुनी वस्तू वाजवून घ्या. दिगंबरनं दुकानात टेपरेकॉर्डरवर बोटांनी टकटक केलं, मडक्यावर करतात तसं. दुकानदार कळवळला. म्हणाला, नाजूक आहे हो, लेकरासारखं सांभाळा.

दिगंबरनं यंत्र टॉवेलात गुंडाळलं, एसटीत मांडीवर घेतलं आणि त्याचं अर्धं तिकीट मागितलं. घाटात त्याला थोपटलंही.

दुकानदारानं आणखी एक सांगितलं होतं, रोज हेड स्पिरिटनं पुसायचं. दोन दिवस दिगंबरच्या डोक्याला दवाखान्याचा वास येत होता. तिसऱ्या दिवशी सुलोचनाला उलगडा झाला. तिनं त्याला यंत्राचं हेड दाखवलं.

मग एकदा भरून पाहिलं, तर त्यात नुसती कुकरची शिट्टी. सुलोचनानं निक्षून सांगितलं, "रेकॉर्डिंग चालू असताना घरात कुणीही आवाज करायचा नाही."

निघायच्या आदल्या दिवशी आत्या आली. सुलोचना पोरांना घेऊन शेजारी जाऊन बसली. दिगंबरनं कुत्रं बाहेर बांधलं, घड्याळ कपड्यांच्या पेटीत कोंबलं आणि बटण दाबलं. रिळं फिरू लागली. आत्यानं तोंड उघडलं. दिगंबरनं ओठांवर बोट ठेवलं.

"मग गाऊ कधी रे दिगू?" आत्या कुजबुजली.

त्यानं हातानंच थांबायची खूण केली. आत्या बिचारी पदर सावरून तासभर गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी आत्या नांदेडला गेली. संध्याकाळी सुलोचनानं हौसेनं टेप लावला. आत्याची कुजबुज सोडली तर सगळं रीळ मुकं.

"अहो, ओव्या कुठायत?"

दिगंबरचे डोळे भरून आले.

"मशीन बंद केल्यावर गायली ना. काय गायली म्हणून सांगू तुला."